बुद्धिबळाला दिलेला पैसा दान होतो काय?

दान कोणाला द्यावे, किती द्यावे आणि कोणत्या मनाने द्यावे, हा विचार आपल्या संप्रदायाला नवा नाही. वारीच्या वाटेवर दिंडीला जेवण घालणारा, पाण्याची सोय करणारा, थकल्या वारकऱ्याचे पाय चेपणारा, तुटलेली वहाण शिवून देणारा, यांच्या दानाविषयी कोणी शंका काढीत नाही. परंतु अलीकडे गावोगाव एका निराळ्या कामासाठी वर्गणी मागितली जाते. कोणी म्हणतो, आमच्याकडे बुद्धिबळाची स्पर्धा भरते आहे, काही मदत करा. कोणी म्हणतो, अमक्याची पोर बुद्धिबळात हुशार आहे, तिला परगावी खेळायला पाठवायचे आहे, हातभार लावा. अशा वेळी माळकरी माणूस घोटाळ्यात पडतो. खेळाला दिलेला पैसा हे दान म्हणावे की हौस? तो धर्मकार्यात जमा धरावा की करमणुकीत? या प्रश्नाचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

आधी पूर्वपक्ष ऐकू. तो असा की, दारात भुकेला उभा असताना खेळणाऱ्याला पैसे देणे हा धर्म नव्हे. नाथमहाराजांची कथा आपण सगळेच ऐकत आलो आहोत. रामेश्वराला न्यायचे कावडीतले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. जिथे देवाचे पाणीसुद्धा तहानलेल्या जिवापुढे मागे राहिले, तिथे चौसष्ट घरांच्या पटाचे काय घेऊन बसलात? शिवाय बुद्धिबळात तासन् तास जातात, पोरे अभ्यास सोडून पटाला चिकटतात, आणि पैजेचा नाद लागला तर घर बुडते. असे हे म्हणणे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

यातली पैजेची गोष्ट आम्ही निर्विवाद मान्य करतो. पैसे लावून खेळलेला डाव, मग तो फाशांचा असो की बुद्धिबळाचा, जुगारच आहे; त्याला एक पैसाही देऊ नये. भुकेची गोष्टही मान्य आहे. दारात उपाशी माणूस उभा असेल तर आधी भाकरी, मग बाकी सर्व. पण खरे बोलायचे तर बुद्धिबळाला 'नाही' म्हणणारा दर वेळी तो पैसा भुकेल्याला देतो काय? तोच पैसा पुढे आपल्या छायाचित्राच्या फलकावर, वाढदिवसाच्या हारतुऱ्यांवर आणि कानठळ्या बसवणाऱ्या कर्ण्यांवर जातो, हे आपण पाहतोच. तेव्हा भुकेल्याचे नाव पुढे करून हात आखडायचा आणि भुकेल्यालाही द्यायचे नाही, हा काही नाथांचा मार्ग नव्हे.

आणखी असे की, माणसाला पोटाची भूक असते तशी बुद्धीचीही असते. शेतमजुराच्या घरात तल्लख बुद्धीचे मूल जन्मास यावे आणि केवळ गाडीभाड्यावाचून ती बुद्धी तिथेच विरून जावी, हीसुद्धा एक उपासमारच होय. बुद्धिबळ हा स्वस्त खेळ, एक पट आणि बत्तीस मोहरे असले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. घरच्या ओसरीवर ते खरे आहे. परंतु वर चढू लागले की खर्च वाढतच जातो. ग्रँडमास्टर हा किताब मिळवायचा तर २५०० गुणांकन लागते आणि साधारणतः तीन 'नॉर्म' लागतात. नॉर्म म्हणजे किताबधारी आणि निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंशी खेळून, नेमून दिलेल्या दर्जाची केलेली कामगिरी. अशा स्पर्धा जवळपास नसल्या की परदेशी जावे लागते. मूल लहान म्हणून बरोबर आई किंवा बाप. दोघांचे भाडे, दोघांची राहण्याजेवण्याची सोय, प्रवेश फी, वर शिकवणाऱ्याचा मेहनताना. मूल जिंको अथवा हरो, हा खर्च आधीच होऊन गेलेला असतो.

आता दानाचे लक्षण पाहू. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि माउलींनी ते आपल्याला मराठीत उलगडून दिले आहेत. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. अपात्री, अवेळी, अवमान करून दिलेले ते तामस. म्हणजे दान कोणत्या वस्तूचे, कोणत्या कामासाठी, एवढ्यावरच भागत नाही. अन्नदानसुद्धा राजस होऊ शकते आणि खेळाला दिलेले चार पैसेही सात्त्विक होऊ शकतात. हे मान्य केले की प्रश्न उरतो तो एवढाच : कसे दिले म्हणजे ते दान?

आमचे पहिले म्हणणे असे की, जिंकलेल्याला दिलेले बक्षीस हे दान नव्हे. ते वाईट आहे असे नाही. तो सन्मान आहे, आणि गुणांचा सन्मान व्हावाच. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा राज्य शासनाने त्यांना ३ कोटी रुपये देऊन गौरविले. साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला, आम्हांसही झाला. परंतु विजयाच्या दिवशी देणारे पुष्कळ असतात. दान ओळखावे ते विजयाच्या आधी.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे मल्ल १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा पैशाची मोठी अडचण होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. परंतु घर गहाण टाकले त्या दिवशी पदक कोणाच्या हाती होते? कुस्तीचे हे उदाहरण बुद्धिबळालाही लागू आहे. २०२४ च्या डिसेंबरात जगज्जेता झालेला चेन्नईचा गुकेश याने स्वतः सांगितले आहे की, एका काळी घरची परिस्थिती अशी होती की आईवडिलांच्या स्नेह्यांनी त्याचा खर्च उचलला. जगज्जेत्याला हार घालणारे लाखो. पण त्या शाळकरी पोराचे भाडे भरणारे चार स्नेही, खरे दाते ते.

दुसरे म्हणणे याहून नाजूक आहे. दान घेणारा दानाने मोकळा झाला पाहिजे, बांधला जाता कामा नये. या बाबतीत सुलतान खान यांचे चरित्र फार बोलके आहे. पंजाबातल्या एका खेड्यातला हा मनुष्य सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या आश्रयाला होता. १९२९ साली ते त्याला आपल्याबरोबर विलायतेला घेऊन गेले. हा गडी देशी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढलेला, पण १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्याने ब्रिटनची अजिंक्यपदे जिंकली. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्याने हरविले. पुढे १९३३ च्या अखेरीस आश्रयदाते स्वदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले. १९३५ साली त्यांनी आपल्याकडच्या खाडिलकरांशी दहा डावांचा सामना खेळला आणि त्यात एकच डाव बरोबरीत जाऊ दिला, इतका हात तयार होता. तरी जगातल्या मोठ्या स्पर्धांत ते पुन्हा दिसले नाहीत. १९६६ साली ते वारले आणि २०२४ साली, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी, जागतिक संघटनेने त्यांना मानाचा ग्रँडमास्टर किताब दिला.

त्या जमीनदारांना आम्ही दोष देत नाही. त्यांचा हात नसता तर हे रत्न खेड्यातच राहिले असते. पण एवढे ध्यानात घ्यावे की, ज्या गाडीत बसून खेळाडू गेला ती गाडी त्याची नव्हती. ती वळली तेव्हा त्यालाही वळावे लागले. आश्रय आणि दान यांत हाच फरक आहे. आश्रयात दोरीचे एक टोक देणाऱ्याच्या हाती राहते. दानात दोरीच नसते.

तुकोबांनी काय केले ते आठवावे. सावकारीची खतपत्रे घरात होती. धाकट्या भावाला त्याची वाटणी दिली आणि आपल्या वाटणीची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. घेणेकरी मोकळा झाला आणि देणेकरीही मोकळा झाला. आता आपण एखाद्या पोराला पाच हजार रुपये द्यावे आणि मग चारचौघांत म्हणावे, 'हा आमच्यामुळे वर आला'. तो हरला की म्हणावे, 'आमचे पैसे पाण्यात गेले'. त्याने खेळ सोडून दुसरे शिक्षण धरले की म्हणावे, 'बेइमान निघाला'. अहो, हे दान कसले? ही तर मनात जपून ठेवलेली खतपत्रे! पाच हजारांत पोराचा जन्म विकत घेतला काय?

बुद्धिबळाचे जाणते एक साधा नियम सांगतात : पुढे निघालेल्या प्याद्याच्या मागे आपला हत्ती ठेवावा. हत्ती मागे असला की प्यादे एकेक घर पुढे सरकते आणि हत्तीचे बळ वाढत जाते. तोच हत्ती पुढे जाऊन उभा राहिला की प्याद्याची वाट अडते आणि हत्तीलाही हलता येत नाही. देणाऱ्याने आपली जागा यावरून ओळखावी. आधार द्यावा, पण मागून द्यावा.

तिसरी गोष्ट स्पर्धांविषयी. पुष्कळ खुल्या स्पर्धांत प्रत्येकाकडून प्रवेश फी घेतात आणि त्या रकमेतून वरच्या काही जणांना बक्षिसे वाटतात. म्हणजे हरणाऱ्या गरिबाच्या पोराची फी जिंकणाऱ्या सधन घरच्या पोराच्या हाती पडते, असेही घडते. त्यात आणखी एक मोठे बक्षीस आपल्या नावाने लावले तर वरच्याचेच ताट अधिक भरते. आपली पंगत अशी नसते. दिंडीला जेवण घालणारा, टाळ कोणाचा चांगला वाजला हे पाहून वाढीत नाही. जो पंगतीला बसला त्याला वाढतो. तेव्हा स्पर्धेला मदत करायची तर बक्षिसाच्या रकमेपेक्षा दहा गरीब मुलांची फी भरावी, दोन दिवसांचे जेवण द्यावे, बाहेरगावच्या पोरांची रात्रीची सोय करावी. त्यांतली नऊ मुले हरतील, हरू द्यावीत. हरलेले पोर पोटभर जेवून घरी गेले तर पुढच्या वर्षी ते पुन्हा येईल.

सांगलीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले आणि आपले आयुष्य त्याला वाहिले. कित्येक दशके तेथे स्पर्धा भरत आल्या आणि ठिकठिकाणची मुले सांगलीत खेळून गेली. १९९१ साली आशियाई विजेत्या झालेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच सांगलीत घडल्या. भाऊसाहेबांनी एका खेळाडूला नव्हे, एका जागेला जन्म दिला. आणि जागा ही पाणपोईसारखी असते. कोण पिऊन गेला याचा हिशोब ती ठेवीत नाही.

ज्यांच्या विजयाने आपली प्रसिद्धी होण्याचा संभव नाही, त्यांचाही विचार व्हावा. पुण्याच्या येरवडा कारागृहातील बंद्यांना इंडियन ऑइलच्या 'परिवर्तन' उपक्रमातून बुद्धिबळ शिकवले गेले, आणि २०२३ साली कैद्यांच्या आंतरखंडीय स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळविले. ज्याने एकदा अविचाराने हात उचलला, तो आता मोहऱ्याला हात लावण्याआधी दहादा विचार करतो. पदकापेक्षा हा लाभ आम्हांस मोठा वाटतो. तसेच अंधांचे बुद्धिबळ. त्यांच्या पटाला भोके असतात, मोहरे त्यांत खुंटीसारखे बसतात, काळी घरे बोटाला कळतील अशी किंचित उंच असतात. बोटांनी चाचपून खेळायचे आणि चाल तोंडाने सांगायची. असा एक पट गावच्या शाळेला कोणी दिला तर वृत्तपत्रात नाव येणार नाही. पण विठोबाच्या वहीत येईल.

तेव्हा आमचा निर्णय असा. भुकेल्याचा घास काढून खेळाला देऊ नये. पैजेच्या खेळाला कधीच देऊ नये. इतके सांभाळून जो देईल त्याने जिंकण्याआधी द्यावे, एकाला देण्यापेक्षा पंगतीला द्यावे, आणि दिल्यावर विसरावे. गावात चार पट, दोन घड्याळे आणि एक दिवा एवढी सोय झाली तरी पुरे आहे. हरिपाठ आटोपल्यावर देवळाच्या ओवरीत पोरांनी तासभर खेळावे आणि वेळेवर घरी जाऊन निजावे. विठ्ठलाला त्याचा विटाळ होणार नाही. डाव संपला की राजा आणि प्यादे एकाच पेटीत जातात, हे पोरे रोज पाहतील. देणारा आणि घेणारा यांचेही शेवटी तसेच आहे, एवढे आपण मोठ्यांनी ध्यानात ठेवावे.

रामकृष्ण हरी.