शेवटच्या दोन ओळी

भक्तीच्या कवितेने शेवटी आशेच्या किनाऱ्याला लागलेच पाहिजे का? प्रश्न तसा पुस्तकी वाटेल, दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला थोडा जडही. पण तो मला पुस्तकातून पडलेला नाही, शाळेच्या हस्तलिखितातून पडला आहे. आणि त्याच्या उत्तरासाठी मला ख्रिस्ती कवींच्या दारात जावे लागले, म्हणून हा लेखप्रपंच.

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा सहशिक्षक होतो, इंग्रजी आणि मराठी दोन्ही शिकवीत असे, आणि वयाने धाकटा म्हणून हस्तलिखिताचे काम ओघानेच माझ्या गळ्यात आले होते. नववीतल्या एका मुलाने कविता आणून दिली. त्याची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. कविता बारा ओळींची, देवाला उद्देशून. आई गेल्यापासून तिन्हीसांजेला देवापुढे दिवा तोच लावतो, पण देव त्याच्याकडे बघत नाही, अशा आशयाची. यमके ओढूनताणून आणलेली, दोन ठिकाणी कानडी शब्द; पण वाचताना घशाशी काहीतरी अडकले. शेवटच्या दोन ओळी मात्र मला फारच काळ्या वाटल्या. संमेलनाला पालक येणार, प्रमुख पाहुणे हस्तलिखिताचे प्रकाशन करणार. मी त्या ओळी खोडल्या आणि नव्या लिहिल्या. ज्योतीत आई हसते आहे, तिच्या रूपाने देव जवळच आहे, असे काहीतरी. जाता जाता छंदही नीट केला. चांगल्या अक्षराच्या एका मुलीने ती कविता लाल-हिरव्या वेलबुट्टीच्या चौकटीत उतरवली. पाहुण्यांनी भाषणात नेमका तिचाच उल्लेख केला. टाळ्या वाजत असताना मुलगा खाली बघत होता. मला वाटले, लाजतो आहे.

खरे तर मला अधिक कळायला हवे होते. त्याआधी काही वर्षे धारवाडला एम.ए. करताना मी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सच्या सुनीतांवर उत्तरपत्रिकेत दोन पाने भरून चांगले गुण मिळवले होते. हॉपकिन्स (१८४४-१८८९) हा इंग्लंडमधला जेझुइट धर्मगुरू. अँग्लिकन घरातला हा मुलगा ऑक्सफर्डला शिकत असताना १८६६ मध्ये कॅथलिक झाला, आईवडिलांचे मन मोडून. दोन वर्षांनी जेझुइट पंथात गेला आणि कविता ही या वाटेवरची धोंड समजून आपल्या कविता त्याने जाळून टाकल्या. पुढे कविता परत आली. पाखरांत, झाडांत, नांगरलेल्या जमिनीत देवाची झळाळी पाहणाऱ्या त्याच्या प्रसिद्ध कविता १८७७ च्या सुमाराच्या. मग १८८४ मध्ये त्याला ग्रीक-लॅटिनचा प्राध्यापक म्हणून डब्लिनला पाठवण्यात आले, आणि तिथे तो खचला. उत्तरपत्रिकांचे ढीग यायचे, आणि हा गृहस्थ इतका काटेकोर की एकेका अर्ध्या गुणापाशी अडून बसायचा. (शिक्षक वाचकांना इथे अधिक सांगायला नको.) त्यातून आयर्लंड स्वराज्याच्या मागणीने तापलेले, आणि हा तिथे इंग्रज. घरच्यांना कॅथलिक म्हणून परका, सोबत्यांना इंग्रज म्हणून परका. दोन्हीकडून परके असणे म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला फोड करून सांगावे लागत नाही.

या डब्लिनमध्ये १८८५ च्या आसपास त्याने काही सुनीते लिहिली. त्यांतल्या एकात मध्यरात्री जागा झालेला माणूस आहे. आपल्या हाका म्हणजे पोहोचत नसलेली पत्रे, ज्याला धाडली तो प्राणप्रिय खरा पण दूर कुठेतरी राहणारा, असे त्याला वाटते. या सुनीतांपैकी दोन-तीन तर सुटकेची फटही न दाखवता संपतात. झोप लागली तर तेवढाच विसावा. हॉपकिन्सच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. मित्र रॉबर्ट ब्रिजेस याने १९१८ मध्ये त्याच्या कवितांचे पुस्तक काढले, प्रती ७५०, आणि त्या खपायला सुमारे दहा वर्षे लागली. ब्रिजेसला हॉपकिन्सचा पंथ पटत नव्हता, त्याच्या शैलीतल्या खोडी त्याने पुस्तकात नोंदवल्याही. पण त्या सुनीतांचा शेवट त्याने गोड केला नाही. माझ्यापेक्षा तो बरा संपादक.

धर्मगुरूने असे लिहावे का, हा प्रश्न तेव्हा वर्गात निघाला होता. त्याचे उत्तर मला पुष्कळ उशिरा, एका निवृत्त ख्रिस्ती सहकाऱ्याने दिलेल्या मराठी पवित्र शास्त्रात सापडले. त्यातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. बहुतेक तक्रारी शेवटी वळण घेतात; रडणारा डोळे पुसतो, स्तुती करतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो, देवाने आपली जिवलग माणसे आपल्यापासून दूर केली असे त्याला तोंडावर सांगतो, आणि स्तोत्र अंधारात संपते. पुढे काही नाही. इतक्या शतकांत, इतक्या हातांतून ते गेले. तिथे दोन आशेच्या ओळी घालाव्यात असे कोणा शास्त्र्याला सुचले नसेल का? सुचले असले तरी कोणी घातल्या नाहीत. उपासनेत म्हणायच्या पोथीत ते जसेच्या तसे राहिले. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेला, देवाने आपल्याला का टाकले हा प्रश्न, तोही अशाच एका स्तोत्राचा, बाविसाव्याचा, आरंभ आहे.

आपल्याला यात फार परके वाटू नये. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेला तुकाराम विठ्ठलाला कोणत्या शब्दांत बोलला आहे ते आपण जाणतोच. आपल्यापुरता देव मेला, इथवर त्याची मजल गेली आहे आणि गाथेने ते जपले आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबाच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोहोचलो असे सांगत. ते केवळ छंदाबद्दल किंवा अभंगाच्या घाटाबद्दल नसावे, असे मला वाटते. देवाशी भांडण्याची सवय माणसाला एका अंगणातून दुसऱ्यात सहज नेत असावी.

तेव्हा मी माझ्यापुरता एक निष्कर्ष काढला: भांडायला समोर कोणी तरी लागतो, जो देवाला ‘तू बघत नाहीस’ म्हणतो त्याने त्याला सोडलेले नाही, सबब तक्रार हीच श्रद्धा. हॉपकिन्सने मरणाच्या वर्षी लिहिलेले एक सुनीत या निष्कर्षाला अगदी चपखल बसते; यिर्मया संदेष्ट्याची जुनी तक्रार उचलून तो देवापुढे एखाद्या वकिलासारखा उभा राहतो. हा निष्कर्ष मला काही वर्षे फार आवडला. एक-दोन व्याख्यानांतही मी तो मांडला. मग विल्यम कूपर वाचला, आणि तो निष्कर्ष माझ्या हातून निसटला.

कूपर (१७३१-१८००) सहा वर्षांचा असताना आईवेगळा झाला. १७६३ मध्ये मनाचा तोल जाऊन त्याने जीव देण्याचे प्रयत्न केले. सेंट अल्बन्सच्या एका डॉक्टरांच्या मनोरुग्णालयात तो राहिला, आणि तिथेच, बायबल वाचत असताना, त्याला देवाची क्षमा गवसली. पुढे ऑल्नी या गावी त्याची गाठ जॉन न्यूटनशी पडली. न्यूटन हा पूर्वी गुलामांच्या जहाजावरचा कप्तान, नंतर धर्मोपदेशक झालेला. दोघांनी मिळून गावातल्या साध्या माणसांसाठी गीते लिहिली. १७७९ मध्ये छापलेल्या त्या संग्रहात कूपरची साठांहून अधिक आहेत, आणि ती आजही चर्चमधून गायली जातात. निराशेतून श्रद्धेकडे गेलेल्या कवीचे उदाहरण म्हणून कूपर इथे संपवता आला असता तर किती सोयीचे झाले असते! पण संग्रह छापला जाण्याच्या सहा वर्षे आधीच, १७७३ मध्ये, तो पुन्हा कोसळला होता. देवाने आपल्याला कायमचे नाकारले आहे असे त्याला स्वप्नात कळले, आणि ते त्याच्या मनातून मरेपर्यंत गेले नाही. चर्चची पायरी त्याने जवळजवळ सोडली. इतरांना धीर देणारी त्याची गीते लोक आत गात होते आणि तो बाहेर होता. १७९९ मधली त्याची अखेरची मोठी कविता जहाजावरून समुद्रात पडलेल्या खलाशाची आहे. त्या कवितेत देवाला हाकसुद्धा नाही. तक्रार करायलाही समोर कोणी उरलेला नाही.

या माणसाला मी काय सांगणार होतो? तुझी तक्रार हीच तुझी श्रद्धा, म्हणून? तेही त्याच्या कवितेला चिकटवलेल्या माझ्या दोन ओळीच झाल्या असत्या, जरा अधिक शिकलेल्या.

ईयोबाच्या ग्रंथात यावर एक विलक्षण निवाडा आहे. ईयोबावर संकटे कोसळतात तेव्हा तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. तोवर सगळे ठीक असते. मग ते बोलू लागतात. जे बोलतात ते सुभाषितांच्या वहीत उतरवून घ्यावे असे असते: देव न्यायी आहे, शरण जा, सगळे ठीक होईल. ईयोब मात्र अद्वातद्वा बोलतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. माझा दास ईयोब बोलला तसे तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, असे त्यांना सुनावतो. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाने हा भाग वर्षातून एकदा वाचावा.

न्यूटननेही कूपरला समजावून पाहिले होते. उपयोग झाला नाही. पण त्याने दुसरी एक गोष्ट केली. १७७३ मध्ये कूपर ढासळला तेव्हा त्याला त्याने आपल्या घरी आणून ठेवले. पाहुणा वर्षभराहून अधिक राहिला. वेडाच्या भरात असलेला माणूस घरात, स्वतःच्या संसारात, तेरा महिने! न्यूटनच्या चरित्रात गुलामांच्या जहाजाची आणि त्याच्या जगप्रसिद्ध गीताची चर्चा फार होते. मला हे तेरा महिने त्याहून मोठे वाटतात.

२०२३ च्या जूनमध्ये तो मुलगा माझ्या कार्यालयात आला, मुलीच्या आठवीच्या प्रवेशासाठी. कानशिलावर केस पांढरे. “ओळखलंत का सर?” म्हणाला. मी नाव बरोबर सांगितले, दाखल्याचे काम उरकले, आणि जरा अभिमानानेच कपाटातून १९९८ चे हस्तलिखित काढून त्याच्यापुढे ते पान उघडले. वेलबुट्टीचा लाल रंग अजून टिकून होता.

तो बराच वेळ बघत राहिला. मग शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवून म्हणाला, “ह्या तुमच्या, सर.”

“हो. तुझ्या काय होत्या रे?”

“तेच आठवत नाही. पुष्कळदा आठवून बघितलं. तुमच्याच येतात.”

आवाजात राग नव्हता. चहा घेतला, मुलीला नमस्कार करायला लावला आणि गेला.

त्याचे घर तेव्हा शाळेपासून चार गल्ल्यांवर होते. त्या पावसाळ्यात मी तिकडे एकदाही गेलो नव्हतो. कवितेतला दिवा कोणत्या कोनाड्यात लागत होता, लावणाऱ्याच्या शेजारी संध्याकाळी कोणी असे की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

मूळ कागद मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा शोधला. त्या वर्षीच्या गठ्ठ्यात सहलीचा जमाखर्च आहे, संमेलनाच्या मांडवाचे बिल आहे, हस्तलिखितासाठी आणलेल्या लाल शाईची पावती आहे. कागद नाही.