जवळचे दार, लांबचे दार

चेश्मे हे तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गाव. इझमीरची सुखवस्तू मंडळी उन्हाळ्यात इथे मुक्कामाला असतात. समोर समुद्रात खिओस बेट स्पष्ट दिसते. तुर्की लोक त्याला साकिझ म्हणतात. फेरीबोटीने अर्धा-पाऊण तास लागतो. पण बेट ग्रीसचे, म्हणजे शेंगेनच्या कुंपणातले. साधा तुर्की पासपोर्ट असणाऱ्याला तिथे मासे खायला जायचे तरी व्हिसा हवा. २०२४ मध्ये ग्रीसने आपल्या दहा बेटांपुरती सात दिवसांच्या झटपट व्हिसाची सोय केली, तेव्हा चेश्मेत आनंद झाला. तरी कागदपत्रे आणि शुल्क यांतून सुटका झाली नाही ती नाहीच.

याच माणसाने इस्तंबूलहून टोकियोचे तिकीट काढले तर? अंतर सुमारे नऊ हजार किलोमीटर, रात्रभराचे उड्डाण, आणि व्हिसा नाही. नव्वद दिवसांपर्यंत खुशाल राहा. जपान काही एकटा नाही. ब्राझील, अर्जेंटिना, थायलंड इथेही तुर्की प्रवासी व्हिसाशिवाय उतरतो. ज्या बेटावरचे दिवे घराच्या गच्चीतून दिसतात तिथे अर्ज, आणि पृथ्वीच्या पाठीवर पार पलीकडे असलेल्या देशात नुसता शिक्का.

तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घ्यायचे बंद केले. त्या वातावरणात तुर्की प्रवाशाच्या सुखदुःखावर कशाला लिहायचे, असे कुणी विचारेल. लिहायचे ते यासाठी की व्हिसा नावाच्या व्यवस्थेची शिवण या पासपोर्टवर जितकी उघडी दिसते तितकी आपल्या पासपोर्टवर दिसत नाही. आपल्याला जवळपास सगळीकडेच अर्ज करायचा असतो, त्यामुळे कोण का अडवतो हे कळायला मार्ग नसतो. तुर्की माणसाला अर्धे जग मोकळे आहे आणि अर्धे बंद, आणि त्या दोहोंमधली रेघ मोठी बोलकी आहे.

माझे म्हणणे असे की ही रेघ मैत्रीने कमी आणि अंतराने जास्त ओढली आहे. लांबच्या देशाला औदार्य परवडते. तिथल्या तिकिटाची किंमत हाच तिथला व्हिसा; ज्याच्या खिशाला तो झेपत नाही तो आपोआप गाळला जातो आणि वकिलातीला त्यासाठी खिडकी उघडून बसावे लागत नाही. शेजाऱ्याला ही चैन परवडत नाही. तिथे बसने जाता येते, ट्रकमागे लपून जाता येते, चुलतभावाच्या घरी उतरता येते.

जर्मनीचे पाहा. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, आणि इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकावरून म्युनिककडे गाड्या भरभरून गेल्या. १९७३ मध्ये भरती थांबली, पण पाहुणा म्हणून जायला व्हिसा लागत नव्हता. तो लागू झाला १९८० च्या ऑक्टोबरमध्ये, तुर्कस्तानात लष्कराने सत्ता घेतल्यानंतर काही आठवड्यांत. पळून येण्याची गरज सर्वाधिक असते नेमके तेव्हाच दार लावले जाते. ब्रिटनने १९८९ मध्ये तेच केले, कुर्द आश्रयार्थींची संख्या वाढू लागताच. भारतीयांना हा अनुभव तीन वर्षे आधीच येऊन गेला होता. १९८६ पर्यंत आपल्याकडचा माणूस लंडनला नुसता भेटायला जाणार असेल तर व्हिसाशिवाय हीथ्रोवर उतरत असे आणि तिथला अधिकारी ठरवत असे. आज सत्तरीच्या पुढे असलेल्या दादर-पार्ल्यातल्या काही मंडळींना ते नक्की आठवत असेल.

तुर्की लोकांनी मात्र हा प्रश्न कोर्टातही नेला. तुर्कस्तान आणि तेव्हाचा युरोपीय समुदाय यांच्यात १९६३ मध्ये अंकारा करार झाला. पुढे त्याला १९७० चा पुरवणी करार जोडला गेला आणि तो १९७३ मध्ये लागू झाला. सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्यावर यापुढे नवी बंधने घालायची नाहीत, असे एक कलम त्यात आहे. त्याच्या आधारे ट्रकचालक मेहमेत सोयसाल आणि त्याचे साथीदार लढले आणि २००९ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात जिंकले. सेवा द्यायला येणाऱ्या चालकाला १९७३ मध्ये व्हिसा लागत नव्हता, तर आताही मागता येणार नाही. मग सेवा घ्यायला येणाऱ्याचे काय? हॉटेलात राहणारा पर्यटकही सेवाच घेतो की. २०१३ च्या देमिरकान निकालात न्यायालयाने हे दार बंद केले: घेणारा त्या कलमात बसत नाही. मला हा निकाल कायद्याच्या भाषेत सुसंगत आणि व्यवहारात सोयीस्कर वाटतो. लाखो पर्यटकांना एका ट्रकवाल्याच्या पाठीमागून आत येऊ द्यायचे धैर्य कुठल्याच न्यायाधीशाला झाले नसते. पुढे मार्च २०१६ मध्ये सीरियन निर्वासितांना थोपवण्याच्या बदल्यात तुर्की नागरिकांना जूनअखेर व्हिसामुक्ती देऊ, असे युरोपने कबूल केले. अटी बहात्तर होत्या. बहुतेक पुऱ्या झाल्या. दहशतवादविरोधी कायदा सैल करण्यासारख्या मोजक्या उरल्या आणि गाडी तिथेच अडली.

या बंद दारापुढे तुर्कस्तानात एक छोटी जातव्यवस्थाच उभी राहिली आहे. साध्या नागरिकाचा पासपोर्ट लालसर, ‘बोर्दो’. वरच्या तीन श्रेणींतल्या सरकारी नोकरांना आणि त्यांच्या कुटुंबाला हिरवा मिळतो, आणि त्यावर शेंगेनमध्ये व्हिसा लागत नाही. पुढे मोठ्या निर्यातदारांना आणि ज्येष्ठ वकिलांनाही तो मिळू लागला. सरकारी कामासाठीचा करडा वेगळा. २०२० मध्ये मालात्याजवळच्या येशिलयुर्त नगरपालिकेने पर्यावरणाच्या प्रशिक्षणाच्या नावाखाली पंचेचाळीसेक माणसे करड्या पासपोर्टवर जर्मनीला पाठवली. त्यातली चाळिसाहून अधिक परतलीच नाहीत. प्रकरण बाहेर आले तेव्हा अशी आणखीही टोळकी गेल्याचे कळले. पासपोर्टच्या रंगाला बाजारभाव येतो तो असा. भरीस भर म्हणून तुर्की सरकार स्वतःच्या नागरिकाकडून देशाबाहेर पडण्याचाही कर घेते. २०१९ पर्यंत तो पंधरा लिरा होता, त्या वर्षी पन्नास झाला, २०२२ मध्ये दीडशे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाचशे. पासपोर्ट काढायचा खर्च तर आपल्या दीड हजार रुपयांच्या कित्येक पट.

आता जपान. व्हिसा नाही म्हणजे विचारपूस नाही, असा पुष्कळांचा समज असतो. खरे तर विचारपूस तीच. ती वकिलातीतून उठून विमानतळावर आली, इतकेच. इस्तंबूलच्या चेक-इन काउंटरवरची मुलगी पासपोर्ट हातात घेते आणि संगणकावर टायमॅटिक उघडते. कुठल्या देशाच्या कुठल्या पासपोर्टवर कुठे काय लागते, हे जगभरच्या विमान कंपन्या त्यात पाहतात. ती परतीचे तिकीट विचारते, राहण्याचा पत्ता विचारते. ती इमिग्रेशनची अधिकारी नाही, तिने कसली शपथ घेतलेली नाही. पण आत न घेतलेला प्रवासी परत आणण्याचा भार तिच्या कंपनीवर पडतो, वर अनेक देशांत दंडही. म्हणून ती सरकारपेक्षा काटेकोर असते. इथे अडवले गेलेले लोक कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत. वकिलातीने नकार दिला तर निदान कागद हातात येतो.

पलीकडे हानेदा किंवा नारिताला उतरल्यावर प्रवेशाचे कार्ड भरायचे, हल्ली ऑनलाइन भरून क्यूआर कोडही दाखवता येतो. त्यावर नाव, उड्डाण, मुक्कामाचा पत्ता आणि मग तीन प्रश्न: पूर्वी जपानमधून हाकलले गेला आहात का, किंवा प्रवेश नाकारला गेला आहे का? कुठल्याही देशात गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? जवळ अमली पदार्थ, बंदूक, तलवार, दारूगोळा आहे का? तिसऱ्याला ‘हो’ लिहिणारा माणूस कसा दिसत असेल, हे पाहायची मला फार इच्छा आहे. नंतर दोन्ही तर्जन्या काचेवर, चेहरा कॅमेऱ्यासमोर. ही पद्धत नोव्हेंबर २००७ पासूनची. पासपोर्ट यंत्राने वाचता येणारा हवा. तसा नसेल तर आधी व्हिसा काढूनच या, असे जपान तुर्की प्रवाशांना २०११ पासून सांगत आले आहे. अधिकाऱ्याला संशय आला की पर्यटक म्हणवणाऱ्याला बाजूच्या खोलीत नेतात. तिथे तोंडी चौकशी होते; निकाल विरुद्ध गेला तर तीन दिवसांत कायदामंत्र्यांकडे हरकत घेता येते. म्हणजे दाद मागायला जागा आहे, पण ती विमानतळाच्या आतच, बॅग शेजारी ठेवून, दुभाष्याच्या तोंडून. कामधंदा करायचा नाही, ही अट वेगळी आणि कडक.

जपानने तुर्की लोकांना हे औदार्य का दाखवले, याची एक सुंदर गोष्ट दोन्ही देश सांगतात. सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने मेजी सम्राटाकडे पाठवलेली एर्तुग्रुल ही युद्धनौका परतताना १६ सप्टेंबर १८९० ला वाकायामाच्या किनाऱ्यावर, कुशिमोतोजवळ फुटली. पाचशेहून अधिक खलाशी बुडाले. एकोणसत्तर जणांना ओशिमाच्या कोळ्यांनी वाचवले, घरात घेतले, खाऊ घातले. (जाताना ही नौका आपल्या मुंबईलाही थांबली होती.) १९८५ च्या मार्चमध्ये सद्दाम हुसेनने इराणवरून उडणारी विमाने पाडण्याची धमकी दिली, तेव्हा तेहरानमध्ये अडकलेल्या २१५ जपानी लोकांना तुर्की एअरलाइन्सने बाहेर काढले. तिथले काही तुर्की नागरिक मात्र रस्त्याने गेले. ही कृतज्ञता खोटी नाही. पण व्हिसामाफीचा करार पन्नासच्या दशकाअखेरचा, म्हणजे तेहरानच्या घटनेच्या किती तरी आधीचा. तो झाला तेव्हा इस्तंबूलहून टोकियोला जाणे हे व्यापाऱ्याचे किंवा राजदूताचेच काम होते. गोष्ट नंतर कराराच्या गळ्यात घातली गेली.

नव्वदच्या दशकापासून अंतर स्वस्त झाले. आग्नेय तुर्कस्तानातल्या खेड्यांतले कुर्द, एकाच्या पाठोपाठ दुसरा, टोकियोच्या उत्तरेला सैतामा प्रांतातल्या कावागुची आणि वाराबी इथे येऊ लागले. पर्यटक म्हणून उतरायचे आणि मग आश्रयासाठी अर्ज करायचा. आज त्यांची वस्ती दोनेक हजारांची आहे. वाराबी स्थानकावरून तिला थट्टेने वाराबिस्तान म्हणतात. पुरुष बहुतेक जुनी घरे पाडण्याच्या धंद्यात. आश्रय मात्र मिळत नाही. तुर्की नागरिकत्व असलेल्या कुर्दाला निर्वासित म्हणून मान्यता मिळाल्याचे पहिले उदाहरण २०२२ मधले, तेही साप्पोरोच्या उच्च न्यायालयाने सरकारचा नकार चुकीचा ठरवल्यानंतरचे. ज्यांचा अर्ज फेटाळला जातो ते तात्पुरत्या सुटकेवर राहतात: काम करायची परवानगी नाही, आरोग्यविमा नाही, परवानगीशिवाय प्रांताबाहेर जायचे नाही. तरी मुले तिथल्या शाळेत जपानी बोलत मोठी होतात.

कावागुचीची वस्ती सहा लाखांची. तिथल्या परदेशी लोकांत सर्वांत जास्त चिनी आहेत. तरी २०२३ पासून ‘कुर्दांना घालवा’च्या घोषणा रस्त्यावर आणि फोनच्या पडद्यावर ऐकू येऊ लागल्या. तक्रारी कचऱ्याच्या, रात्रीच्या गोंगाटाच्या, भरधाव ट्रकच्या. काही खऱ्या असतीलही. सुधारलेला इमिग्रेशन कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला आणि तिसऱ्यांदा आश्रय मागणाऱ्याला त्याचा अर्ज प्रलंबित असतानाही परत पाठवता येऊ लागले. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये सैतामाच्या राज्यपालांनी (तिथले राज्यपाल लोकांनी निवडून दिलेले असतात, आपल्यासारखे दिल्लीहून आलेले नव्हे) तुर्कस्तानशी असलेली व्हिसामाफी तात्पुरती थांबवावी, अशी विनंती परराष्ट्र मंत्रालयाला केली.

असे पूर्वी झालेले आहे. पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या नागरिकांची व्हिसामाफी जपानने १९८९ मध्ये थांबवली, इराणची १९९२ मध्ये. दोन्ही वेळी कारण एकच होते: तिकीट काढणारे व्यापारी राहिले नाहीत, मजूर झाले. तुर्कस्तानचे प्रकरण जरा जड आहे, कारण माफी दोन्ही बाजूंची आहे. ती गेली तर कापादोक्यात फुगे पाहायला जाणाऱ्या जपानी जोडप्यांनाही फटका बसू शकतो, आणि कुशिमोतोच्या स्मारकापाशी दरवेळी होणारी भाषणे अवघडल्यासारखी होतील. म्हणून टोकियोतल्या नोकरशाहीने मधली वाट काढलेली दिसते. २०२८ च्या आर्थिक वर्षापर्यंत जेस्टा नावाची व्यवस्था आणायचा तिचा बेत आहे: व्हिसामाफी असलेल्या देशांच्या प्रवाशांनी निघण्यापूर्वीच ऑनलाइन माहिती भरायची, आणि मंजुरी नसेल त्याला विमानात बसूच द्यायचे नाही. दक्षिण कोरियात २०२१ पासून हेच चालू आहे. व्हिसामाफी कागदावर राहते, करार मोडत नाही, राजदूतांना रागवायला कारण मिळत नाही. हानेदाच्या बाजूच्या खोलीतली चौकशी इस्तंबूलच्या घरात लॅपटॉपसमोर सरकते. तिथे दुभाष्या नसतो, आणि नकार मिळालेल्या माणसाला आश्रय मागायला जपानची जमीनही पायाखाली नसते.