स्थितप्रज्ञ रडतो का?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर बोलणं निघालं की हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. सुखदुःख ज्याला शिवत नाही तो ज्ञानी, असं ते धरून चालतात. मला ते पटत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगवर माझं आयुष्य गेलं. जुन्या बुलेटच्या चासी हाताखालून जात राहिल्या आणि माझं मत तिथंच पक्कं झालं.

अर्जुनाने काय विचारलं ते नीट ऐकावं. नुसती लक्षणं विचारून तो थांबत नाही. असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हेही त्याला हवं आहे. म्हणजे स्थिरता पाहायची ती वागत्या, चालत्या माणसात. सेंटर स्टँडवर उभी असेपर्यंत प्रत्येक गाडी स्थिरच असते. मागं माणूस बसवून, सामान बांधून निपाणीजवळच्या तवंदी घाटात लांब वळण घेतलं की खरं काय ते कळतं.

मध्यंतरी एक तरुण वडिलांची बुलेट घेऊन आला. त्याला लडाखला जायचं होतं. म्हणाला, “काका, वळणावर मागचं चाक वेगळंच चालतंय. चासीला चार पट्ट्या मारा, एकदम कडक करून द्या.”

मी म्हटलं, “आधी हात लावून बघू, मग पट्टीचं बोलू.”

या गाडीची रचना समजून घेण्यासारखी आहे. १९४९ साली इंग्लंडमधल्या रेडिचला आलेला हा नमुना १९५६पासून मद्रासला बनू लागला. पुढची एकच नळी खाली येते आणि इंजिनापाशी संपते. इंजिनाखालून नळीच नाही. ती जागा इंजिन स्वतः भरून काढतं. जे इंजिन चासीला हादरवतं, तेच तिला धरूनही ठेवतं. त्यामुळं फाउंडेशन बोल्ट सैल झाले की नुसता आवाज वाढत नाही, चासीचा एक अवयवच निखळतो.

मागचं चाक काढून ते धरणारा चिमटा दोन्ही हातांनी आडवा हलवला, तर बुश झिजल्यामुळं चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता. फाउंडेशनचे दोन बोल्ट सैल होते, इंजिनाच्या हेडला वरच्या नळीशी बांधणारी पट्टी नावालाच उरली होती, हँडलच्या कोनसेटमध्येही खडखड होती. मी गनमेटलचे नवे बुश केले, दोन्ही एका रेषेत यावेत म्हणून एकदमच रीमर फिरवला, कोनसेट बदलला, बोल्ट आवळले, सूत धरून दोन्ही चाकं ओळीत आणली. पट्टी एकही मारली नाही. पोरगा घाटात चक्कर मारून आला आणि पट्ट्यांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

पट्टी का नको, हे त्याला सांगितलं तेच इथं सांगतो. पोलाद साधं असो की महागडं, ताकदीत फरक पडतो. पण वाकण्याला विरोध करण्याचा त्याचा मूळ गुण जवळपास सारखाच राहतो. नळीचा ताठपणा येतो तिच्या आकारातून. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर ताठपणा सुमारे आठपट होतो. मधेच एक पट्टी जोडली, की तेवढाच तुकडा ताठ होतो आणि सगळं वाकणं पट्टीच्या कडेला गोळा होतं. पुढं कधी चीर गेली, तर ती तिथूनच, वेल्डिंग संपतं त्या ठिकाणाहून जाते. पट्टी मारावीच लागली तर तिची टोकं निमुळती ठेवायची आणि नळीवर आडवं वेल्डिंग टाळायचं.

शिवाय नळीचं थोडं वाकणं कामाचंही असतं. गाडी वळणात कलली की शॉकअप तिच्याबरोबर कलतात, पण खड्ड्याचा धक्का खालूनच येतो. त्याचा बाजूचा भाग नळी सोसते. फार ताठ चासीचं काय होतं, त्याचं उदाहरण शर्यतीतलं: डुकाटीने २००९ साली मोटोजीपीत कार्बन फायबरची चासी आणली. केसी स्टोनर तिच्यावर शर्यती जिंकला, पण २०११ साली व्हॅलेंटिनो रॉसीला पुढच्या चाकाचा अंदाज येईना. २०१२ला कंपनी ॲल्युमिनियमच्या चासीवर आली.

या सगळ्यातून मला एक भेद दिसला. ढिलाई वेगळी आणि लवचीकपणा वेगळा. बुशातला प्ले कुठंही जाऊन थांबतो, त्याला स्वतःची जागाच नसते. नळी वाकते तीही हलतेच; पण भार सरला की जिथं होती तिथं येते. बाहेरून दोन्ही हलणंच दिसतं, म्हणून आपण माणसांच्या बाबतीत फसतो. रडणाऱ्याला कच्चा म्हणतो आणि कोरड्या डोळ्यांच्या माणसाला ज्ञानी.

माझे वडील वारकरी. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली गीताप्रवचनं त्यांच्या उशाशी असत. दिलेला शब्द, घेतलेले पैसे, कामाची वेळ, यात त्यांच्याकडं केसाएवढाही प्ले नव्हता. आणि त्यांचा धाकटा भाऊ गेला तेव्हा ते चारचौघांत ओक्साबोक्शी रडले. कुणीतरी म्हणालंही, “एवढी गीता वाचून काय झालं?” सुतक फिटल्यावर त्यांनी दुकान उघडलं. भावाकडं ज्याचं ज्याचं काम अडलं होतं, ते एकेक करून पुरं केलं. मी पाहिलेली स्थिर बुद्धी हीच.

बुद्धाने सोण नावाच्या भिक्षूला वीणेची तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये, असं समजावल्याची कथा आहे. तारेबाबत ते खरंच आहे. पण सगळं आयुष्य असं मध्यम ताणावर लावू पाहणं मला चुकीचं वाटतं. बोल्ट अर्धवट आवळून चालत नाही. शब्द, व्यवहार, नाती ही जोडांची जागा. तिथं पूर्ण घट्टपणाच हवा. प्रेम, शोक, मतं ही नळीची जागा. तिथं वाकता आलं पाहिजे. जोड सैल सोडून भावनांना पट्ट्या मारत बसणारा माणूस वरून कडक दिसतो आणि कडेला तडकतो.

यावर कुणी विचारेल, जो दुःखातून परत आलाच नाही, तो अज्ञानी का? नाही. प्रत्येक नळीला एक मर्यादा असते. त्यापलीकडं भार गेला तर उत्तम नळीही वाकलेलीच राहते, आणि तो नळीचा अवगुण नव्हे. तिला सरळ करणारे हात दुसऱ्याचेच असतात. म्हणून खचलेल्या माणसाला ‘धीर धर’ म्हणणं मी सोडलं आहे. डोलणाऱ्या गाडीच्या मागं उंच बांधलेलं ओझं आपण आधी उतरवतो. माणसाच्या बाबतीतही पहिलं काम तेच: त्याचं काय उतरवून घेता येईल ते विचारावं, आणि ते उचलावं.