भोजनकारभाऱ्याची जीभ

काना गावच्या लग्नाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुणाच्या ना कुणाच्या लग्नाच्या मिस्सेत ती वाचली जाते आणि आपले लक्ष साहजिकच पवित्र मरियेच्या विनवणीकडे, सहा दगडी रांजणांकडे व प्रभूच्या पहिल्या चिन्हाकडे जाते. त्या कथेतील एका माणसाकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. तो म्हणजे भोजनकारभारी. त्याच्यापुढे पेला येतो, तो चव घेतो आणि तत्काळ निर्णय देतो, की हा द्राक्षारस आधीच्यापेक्षा सरस आहे. त्याचा निर्णय अचूक आहे. परंतु संत योहान तेथेच सांगून ठेवतो, की तो द्राक्षारस कोठून आला याची त्या कारभाऱ्याला कल्पना नव्हती; पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ती होती.

ही नोंद अलीकडे माझ्या मनात घर करून बसली आहे. त्याला निमित्त झाले बिअरच्या रसास्वादाच्या एका बैठकीचे.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्या शहरात २००९ साली 'डूलाली' ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि थोड्या प्रमाणात, ताजी, कारागिराच्या निगुतीने केलेली 'क्राफ्ट बिअर' तेथील तरुणांच्या परिचयाची झाली. भाच्याचे सात-आठ मित्र महिन्यातून एकदा जमतात, निरनिराळ्या बिअर चाखतात आणि त्यांवर टिपणे लिहितात. "मामा, एकदा या तर खरे. हा पिण्याचा कार्यक्रम नाही, अभ्यासाचा आहे," असे तो म्हणाला. मी काहीशा अविश्वासाने गेलो.

प्रथम मला आश्चर्य वाटले ते तेथील शिस्तीचे. सहा नमुने होते. प्रत्येक पेल्यात जेमतेम साठ मिलिलिटर, म्हणजे सहा मिळून एका लहान बाटलीपेक्षा किंचित अधिक. मध्ये पाणी आणि साधा पाव. प्रत्येकापुढे एक छापील पत्रक. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेने रूढ केलेली ही पद्धत आहे. एकूण गुण पन्नास: गंधाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातील स्पर्शाला पाच आणि एकंदर परिणामाला दहा. आधी पेला उजेडात धरून रंग व फेस पाहायचा, मग गंध घ्यायचा, मग लहानसा घोट. दोषही ओळखायचे. लोण्यासारखा वास आला तर आंबवण्याची क्रिया पुरी झाली नसावी. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी राहिली असावी. बाटलीला ऊन लागले असेल तर एक उग्र दर्प येतो.

दुसरा नमुना गव्हाच्या बिअरचा होता. पेला नाकाशी नेला आणि मी चकित झालो. तो वास माझ्या ओळखीचा होता. वसईच्या आमच्या जुन्या घरात केळीचे घड पिकत घातलेली खोली उघडली की जो वास अंगावर येई, तोच हा! भाच्याने समजावले, की यात केळे मुळीच नाही. या जातीच्या बिअरचे यीस्ट आंबवताना जे द्रव्य निर्माण करते, तेच पिकल्या केळ्यातही असते. मी पत्रकावर 'सुकेळी' असा शब्द लिहिला. मंडळींनी तो कौतुकाने वाचला आणि मला, खरे सांगतो, फार बरे वाटले.

त्या बैठकीत एक तरुण होता, जो पेला उचलून केवळ गंध घेई. बारापैकी गुण मांडी, एखादा नेमका शब्द लिही आणि पेला मधल्या भांड्यात रिता करी. चवीचा रकाना तो कोरा सोडी. त्याचे नाक सर्वांहून तरबेज होते. पाचवा नमुना बेल्जियमहून कुणी आणलेला, वेस्टमाले मठाची 'ट्रिपेल'. तिचा गंध इतका प्रसन्न होता, की मला राहवले नाही. मी त्या तरुणाला म्हणालो, "अहो, ही तरी चाखा. एका घोटाने काय होते?"

तो नुसता हसला आणि त्याने पेला पालथा घातला. माझ्या हातातला पेला मात्र तसाच राहिला. कारण ते वाक्य माझे नव्हते. ते मी पूर्वी ऐकले होते.

माझ्या थोरल्या भावाने दारू सोडली होती. चौदा महिने त्याने तिला स्पर्श केला नव्हता. आमच्या आईने त्या चौदा महिन्यांतली एकही रविवारची मिस्सा कृतज्ञतेच्या मेणबत्तीवाचून जाऊ दिली नव्हती. मग नात्यातल्या एका लग्नात, मांडवात, सर्वांदेखत एका वडीलधाऱ्या माणसाने प्रेमाने त्याच्या हाती पेला दिला आणि म्हटले, "एका घोटाने काय होते?" पुढे दोन वर्षांत आम्ही भावाला मातीआड केले. त्या माणसाला मी कित्येक वर्षे मनातल्या मनात क्षमा करू शकलो नव्हतो. आणि आज तेच वाक्य, तितक्याच प्रेमाने, माझ्या तोंडून निघाले होते.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे: ज्या घराने दारूपायी माणूस गमावला, त्या घरातल्या माणसाने अशा बैठकीत बसावे काय? ही सारी पत्रके, हे गुण, हे 'सुकेळी' म्हणजे पिण्यालाच नेसवलेले सभ्य वस्त्र तर नव्हे?

सोपे उत्तर असे, की मद्य वाईटच, तेव्हा त्याचा रसास्वादही वाईट. परंतु हे उत्तर ख्रिस्तसभेचे नाही. सिराखच्या ग्रंथात मद्याला जीवनासमान म्हटले आहे, मात्र प्रमाणात घेतले तर. जुन्या रोमन विधिपुस्तकात तर भाकरी आणि फळे यांच्याप्रमाणे बिअरलाही आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थना आहे. ज्या मठातून ती 'ट्रिपेल' आली, त्या वेस्टमालेत १८३६ सालापासून बिअर केली जाते. हे ट्रॅपिस्ट मठवासी संत बेनेडिक्टचा नियम पाळतात: प्रार्थना आणि श्रम. ट्रॅपिस्ट मठांच्या उत्पादनांवर जी षट्कोनी मुद्रा असते, तिच्या अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. उत्पादन मठाच्या परिसरातच, संन्याशांच्या देखरेखीखाली व्हावे. उद्योगाने मठजीवनाहून दुय्यम स्थान स्वीकारावे. आणि मठाच्या चरितार्थापलीकडचे उत्पन्न परोपकाराकडे जावे. २०२१ साली बेल्जियमच्या आखेल मठात संन्यासी उरले नाहीत, तेव्हा तेथील बिअरची ही मुद्रा गेली.

या मठांची आणखी एक रीत मला विचारात पाडते. साडेनऊ टक्के मद्यार्काची 'ट्रिपेल' करणाऱ्या वेस्टमालेच्या संन्याशांनी स्वतःच्या पंगतीसाठी मात्र पाच टक्क्यांहूनही सौम्य अशी साधी बिअर ठेवली. ज्यांच्या हातून उत्तम वस्तू घडते, त्यांनी ती स्वतःपुरती ओढून घेतली नाही. बेनेडिक्टच्या नियमाच्या चाळिसाव्या अध्यायात प्रत्येकासाठी दिवसाला एक 'हेमिना' द्राक्षारस पुरेसा मानला आहे. हे माप सुमारे पाव लिटर समजले जाते. पण दुसऱ्याचे माप ठरवताना संताला संकोच वाटतो, हे त्या अध्यायाच्या आरंभीच दिसते. ज्यांना वर्ज्य करण्याचे सामर्थ्य ईश्वराने दिले आहे, त्यांचा तेथे गौरवच आहे. पिणाऱ्याने न पिणाऱ्याला आग्रह करावा, याला त्या पंगतीत जागा नाही.

मग आस्वाद आणि व्यसन यांतली रेषा कोठे आहे? याचे एक उत्तर खुद्द भोजनकारभाऱ्याच्या बोलण्यातच आहे. लोक आधी चांगला द्राक्षारस वाढतात आणि पाहुणे यथेच्छ प्याले की हलका काढतात, असे तो म्हणतो. असे का करतात? कारण तोवर जीभ बधिर झालेली असते. म्हणजे नशा आणि चव या मुळातच एकमेकींच्या वैरिणी आहेत. जो खरोखर चाखतो, त्याला थांबावेच लागते. माझा भाऊ अखेरच्या काळात काय पीत होता, हे त्याला स्वतःला सांगता आले नसते. त्याला चवीशी कर्तव्य उरले नव्हते. या दृष्टीने पाहता, साठ मिलिलिटरवर दहा मिनिटे विचार करणारी ती मुले माझ्या भावाच्या वाटेवर नव्हती. एखाद्या वस्तूकडे इतक्या अवधानाने पाहणे हीदेखील निर्मात्याला दिलेली एक प्रकारची दादच आहे.

पण येथेच थांबलो तर मी स्वतःची फसवणूक करीन. सहावा नमुना संपल्यावर पत्रके गोळा झाली, पेन्सिली खाली ठेवल्या गेल्या, आणि उरलेल्या बाटल्या पुन्हा फिरू लागल्या. त्या दुसऱ्या तासात कुणी काही लिहिले नाही. रसिकतेची परीक्षा बहुधा पन्नास गुणांच्या पत्रकावर होत नसावी. पत्रक बाजूला ठेवल्यावर हात कोठे जातो, तेथे ती होत असावी.

आणि रसिकतेला स्वतःचाही एक मोह आहे. बेल्जियममध्येच वेस्टव्लेटेरेन येथे संत सिक्स्टसचा मठ आहे. २००५ साली शौकिनांच्या एका गुणांकनात तेथील १०.२ टक्क्यांची बिअर जगात पहिली ठरली. पाहता पाहता मठाच्या दारी मोटारींच्या रांगा लागल्या, साठा संपला, बाहेर चढ्या भावाने विक्री होऊ लागली. संन्याशांनी उत्पादन वाढवले नाही. मठ चालावा इतकीच बिअर करायची, हे त्यांचे धोरण होते. खरेदीदाराने ती पुन्हा विकू नये, अशी त्यांची अट होती. पुढे २०१२ साली मठाच्या बांधकामासाठी निधी हवा होता, तेव्हा त्यांनी एकवार ती परदेशी विक्रीला पाठवली. रांगेतल्या कित्येकांची जीभ निश्चितच तयार असेल. पण 'जगातील पहिली' एवढेच जाणून जो आला, त्याला ती कोठून आली हे खरोखर ठाऊक होते काय? पहाटे अंधारात उठून स्तोत्रे गाणाऱ्या माणसांच्या मौनातून ती आली होती.

बिअर मुळात चार वस्तूंची: पाणी, मोड आणून वाळवलेला सातू, हॉप्सची कडसर फुले आणि यीस्ट. १५१६ सालच्या बव्हेरियातील प्रसिद्ध कायद्यात पहिल्या तिघांचीच नावे आहेत. पाण्याचे मद्य करणारे यीस्ट तेव्हा कुणाला ओळखू आले नव्हते. पंधराव्या शतकातील इंग्लिश कारागीर त्या फेसाला 'गॉडिसगुड', म्हणजे 'देव भला आहे', असे म्हणत. पुढे १८७६ साली लुई पाश्चरने बिअरवरील ग्रंथ लिहिला आणि त्या गूढाचा उलगडा शास्त्राने केला. पण मला त्या अडाणी कारागिरांचे मोठेपण वाटते. ज्याचे काम दिसते पण जो दिसत नाही, त्याचे आभार मानण्याची रीत त्यांनी सोडली नव्हती.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. संत थॉमस अक्विनास म्हणतो, की कोणतेही पेय स्वतःहून निषिद्ध नाही. परंतु प्रसंगाने ते निषिद्ध ठरू शकते. पिणाऱ्याला ते सहज बाधत असेल, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल, प्रमाण सुटत असेल किंवा त्यामुळे दुसऱ्याचे पाऊल घसरत असेल, तर. या चारपैकी पहिल्या तीन गोष्टी आपण स्वतःपुरत्या तपासतो आणि निर्धास्त होतो. चौथी आपण विसरतो, कारण तिचे उत्तर आपल्या पेल्यात नसते. ते शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत असते. संत पौलानेही रोमकरांना हेच बजावले आहे: ज्याने भाऊ अडखळेल ते मांसही नको आणि मद्यही नको. माझ्या बाबतीत 'भाऊ' हा शब्द अलंकारिक नाही.

त्या तरुणाची मी निघताना क्षमा मागितली. त्याच्या वडिलांचेही माझ्या भावासारखेच झाले होते, एवढे तो म्हणाला. मग तो येथे का येतो, असे मी विचारले. तो म्हणाला, "वडिलांनी जे प्यायले त्याचा त्यांना वासही कधी कळला नाही. मला तो कळून घ्यायचा आहे. पण प्यायचे नाही, एवढे मी आईला सांगून ठेवले आहे."

मी त्या बैठकीला पुन्हा गेलो. चाखणे पाप आहे असे मला आजही वाटत नाही. मात्र आता तेथे दोन गोष्टी ठरल्या आहेत. पत्रके गोळा झाली की बाटल्याही उचलायच्या आणि जेवायला बसायचे. आणि कुणी पेला पालथा घातला तर कारण विचारायचे नाही, आग्रहही करायचा नाही. मुलांनी हे विनातक्रार मान्य केले. येत्या हिवाळ्यात आपल्या धर्मग्रामांत लग्नांचा मोसम सुरू होईल आणि मांडवामांडवांत पेले फिरतील. तेथेही हा दुसरा नियम लागू करता आला, तर कुणाची तरी आई आपली मेणबत्ती आणखी काही रविवार लावू शकेल.

भोजनकारभाऱ्याची जीभ तरबेज होती, यात शंका नाही. मला मात्र त्या मांडवात जागा निवडायची झाली, तर मी चाकरांबरोबर, रांजणांपाशी उभा राहीन.