सहजीवनाचा खर्च

मागच्या रविवारी जुन्नरहून आलेल्या मामांना घेऊन बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत लोकल, पुढे घोडबंदर रोडने बस. सफारीच्या जाळीच्या गाडीतून वाघ दिसला. "एवढा देखणा प्राणी आणि कुंपणात!" मी हळहळलो. मामा म्हणाले, "आमच्याकडं बिबट्या मोकळाच आहे. रात्री दोनला उसाला पाणी द्यायला जाऊन बघ."

परतीच्या बसमध्ये त्यांना 'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तिथून कसाऱ्याजवळचे रूळ आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीवर आला. २०११मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेने मेला. त्याचा माग काढणाऱ्या विद्या अत्रेय यांच्याच जुन्नरमधल्या अभ्यासात दिसलं होतं, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट वाढतात.

"मग करायचं काय?"

"सोबत राहायला शिकायचं."

"कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय असते. अवघड भाग दुसऱ्या टीमकडे ढकलला की आपला कोड स्वच्छ दिसतो. माझी भूतदया तशीच होती. सहजीवनाचा आनंद माझा, शेळी मामांची, आणि अंधारात बॅटरी घेऊन उभं राहणंही त्यांचंच.

यावरून बिबट्याच्या जगण्याला मोल नाही, असं ठरत नाही. ते आहे, आणि माणसाला उपयोग असो-नसो, आहे, असं मला आजही वाटतं. पण ते मोल चुकतं करायची वेळ येते तेव्हा 'आपण' हा शब्द जपून वापरायला हवा. सगळ्यांच्या नावाने घेतलेला निर्णय काही जणांच्याच अंगावर पडत असेल, तर तो योग्य असूनही अन्यायाचा ठरतो.

शेतीपंपाला दिवसा वीज द्या, ही तिकडची जुनी मागणी. आजवर मला तो महावितरणचा प्रश्न वाटायचा. आता वाटतं, बिबट्याला मोकळं ठेवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी ती मागणी करायला हवी.

मामा सोमवारी सकाळीच निघाले. त्या आठवड्यात त्यांची वीज रात्रीची होती.