आहे, पण दिसत नाही

हुबळी-धारवाड रस्त्यावर रायापूरला इस्कॉनचं मंदिर आहे. न दिसणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे तिथल्या भाविकाला शिकवावं लागत नाही. लिनक्स वापरणारा मात्र पेनड्राइव्ह खोचल्यावर फाइल मॅनेजर रिकामा दिसला, की क्षणात नास्तिक होतो: 'मेला वाटतं!'

न दिसणं म्हणजे नसणं का?

ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत, सातव्या कारिकेत, असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणं दिली आहेत: फार लांब असणं, फार जवळ असणं, इंद्रियातला दोष, मन थाऱ्यावर नसणं, सूक्ष्मपणा, काही आड येणं, दुसऱ्याच्या तेजापुढे झाकोळणं, सारख्यांत मिसळणं. यादी जुनी, पण टर्मिनलपुढेही चालते.

जोडलेल्या ड्राइव्हची यादी देणारी 'एलएसबीएलके' ही आज्ञा टाइप करावी. पेनड्राइव्हचा 'एसडीबी1' हजर, माउंटपॉइंटचा रकाना कोरा. म्हणजे वस्तू आहे, दर्शन नाही. मग 'डीमेसेज'मधले कर्नलचे संदेश वाचावेत. विंडोजमधून घाईत उपटलेल्या एनटीएफएस ड्राइव्हवर 'डर्टी' खूण राहू शकते, आणि 2021 मध्ये कर्नल 5.15 सोबत आलेला एनटीएफएस3 ड्रायव्हर असा ड्राइव्ह जोडायला नकार देतो. तो विंडोजमध्ये 'चेकडिस्क'ने तपासून नीट 'इजेक्ट' करावा. एक्सफॅट तर 2019 च्या 5.4 पूर्वीच्या कर्नलला स्वतःहून वाचताच येत नसे; हा सरळ इंद्रियदोष.

'एलएसबीएलके'च्या यादीतही नाव नसेल तर? भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात, पण अट घालतात: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. सैल पोर्टात ती नसते. आधी दुसरा पोर्ट, मग दुसरा संगणक.