बेरीज नावाचा ऐवज

स्कीम या संगणकभाषेत कंस उघडून नुसते बेरजेचे चिन्ह लिहिले आणि पुढे एकही संख्या न देता कंस बंद केला, तरी उत्तर येते: ०. गुणाकाराचे चिन्ह तसेच एकटे लिहिले तर १. वजाबाकीचे लिहिले की मात्र चूक दाखवली जाते. शाळेतली बेरीज दोन संख्यांच्या मध्ये उभी असते; संख्या काढून घेतल्या की तिला अर्थ उरत नाही. इथे ती स्वतंत्र वस्तू आहे. तिला नाव देता येते, दुसऱ्या फंक्शनच्या हवाली करता येते, आणि हाती काहीच नसताना काय करायचे हेही तिला ठाऊक असते.

हे साधायला शंभरएक वर्षे लागली, आणि सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधी झाली. श्टेटिनमधले शाळामास्तर हर्मान ग्रासमान यांनी १८६१ साली अंकगणिताचे पुस्तक लिहिले. त्यात बेरीज गृहीत धरलेली नाही, घडवलेली आहे. 'एक पुढे जाणे' एवढी पायरी घ्यायची, तीच पुन्हा पुन्हा वापरून बेरीज बांधायची, आणि बेरजेतून गुणाकार. डेडेकिंड (१८८८) आणि पेआनो (१८८९) यांनी हीच वाट पक्की केली.

पुढचे पाऊल मोझेस श्योनफिंकेल यांनी टाकले, ७ डिसेंबर १९२० रोजी ग्योटिंगेनच्या एका व्याख्यानात. दोन संख्या मागणारे फंक्शन एकेक संख्या घेऊनही चालते, हा त्यांचा मुद्दा. बेरजेला नुसता ५ दिला तर ती अडून बसत नाही. 'पाच मिळवणारे' नवे फंक्शन परत देते. ही कल्पना पुढे हॅस्केल करी यांच्या नावाने करिंग म्हणून रूढ झाली. जुन्या पिढीने पाठ केलेली सवायकी आणि दिडकी आठवली तर हे चटकन उमगते: गुणाकाराची एक बाजू सव्वावर कायम केली की सवायकी, दीडवर केली की दिडकी, मग तिला हवी ती संख्या द्यावी.

प्रिन्स्टनमध्ये अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस उभारताना संख्येलाच क्रिया करून टाकले. तीन म्हणजे कोणतीही क्रिया तीनदा करणे. मग ३ + ४ म्हणजे चारदा करून झाल्यावर आणखी तीनदा, आणि ३ × ४ म्हणजे 'चारदा करणे' हेच तीनदा. गाडी अडली ती वजाबाकीपाशी. एखादी क्रिया आणखी एकदा करणे सोपे, पण केलेली एकदाने कमी कशी करायची? चर्च यांचे विद्यार्थी स्टीफन क्लीनी यांना वाट सुचली ती दंतवैद्याच्या दवाखान्यात. त्यांनीच पुढे हे सांगितले. आज ही युक्ती जोडी घेऊन समजावतात. (०, ०) पासून निघायचे. दर पायरीला उजवी संख्या डावीकडे आणायची, आणि तिच्यात १ मिळवून ती उजवीकडे ठेवायची: (०, १), (१, २), (२, ३). तीन पायऱ्यांनंतर डावीकडे २ आहेत. मागे फिरता येत नाही, म्हणून पुढे जाताना मागची संख्या सोबत न्यायची. इतकी देखणी युक्ती अंकगणितात विरळाच.

जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पने (१९६०चा शोधनिबंध) हा विचार यंत्रावर आणला. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएलमध्ये बेरजेच्या चिन्हापुढे तिरकी रेघ ओढली की अख्ख्या यादीची बेरीज होते. आणि ज्यांच्या चमूने फोरट्रान घडवली, त्या जॉन बॅकस यांनीच १९७७च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात एकेक मूल्य हलवत बसणाऱ्या शैलीवर कडाडून टीका केली.

पण या साऱ्याचा व्यवहारातला उपयोग सर्वांत स्वच्छ दिसतो तो जॉन ह्यूज यांच्या १९८९च्या निबंधात. यादीची बेरीज आणि यादीचा गुणाकार यांसाठी दोन वेगळे लूप कशाला? सांगाडा एकच, 'रिड्यूस'. त्यात बेरीज आणि ० घातले की एक काम, गुणाकार आणि १ घातले की दुसरे. 'किंवा' आणि 'असत्य' घातले तर यादीत एक तरी सत्य आहे का, ते कळते. स्कीमच्या रिकाम्या कंसातले ० आणि १ हेच: ज्याच्यामुळे काहीच बदलत नाही तो अविकारक घटक.

पायथनचे जनक गिडो व्हॅन रोसम यांनी २००५ साली तक्रार केली की बेरीज-गुणाकार सोडून इतर क्रियांसह रिड्यूस वाचायचे तर कागद-पेन घ्यावे लागते. तक्रार खरी आहे, पण दोष रिड्यूसचा नाही. साहचर्य नसलेल्या क्रियेचा आहे. १०, ३, २ ही यादी वजाबाकीने डावीकडून आटोपली तर ५ उरतात, उजवीकडून आटोपली तर ९. शाळेत मार्कांपुरता घोकलेला साहचर्याचा नियम इथे कामाला येतो. २००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी एकच काम अनेक यंत्रांत वाटून देणारे मॅपरिड्यूस मांडले, त्यातही क्रिया साहचर्य आणि क्रमनिरपेक्षता पाळत असेल तर प्रत्येक यंत्राने आपल्यापुरती बेरीज आधीच करून ठेवावी, अशी सोय आहे.

यंत्रातली दशांश बेरीज मात्र हा नियम काटेकोर पाळत नाही. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१ दिसते, ०.२ आणि ०.३ आधी मिळवून त्यात ०.१ घातले तर ०.६. यावर विल्यम कहान यांनी १९६५ साली उपाय दिला: दर पायरीला सांडलेला अंश वेगळा जपायचा आणि पुढच्या पायरीत परत घालायचा. म्हणजे रिड्यूसमधून आता एकटी संख्या फिरत नाही, जोडी फिरते: आतापर्यंतची बेरीज आणि निसटलेला अंश. जावाच्या ८व्या आवृत्तीने (२०१४) दशांश संख्यांच्या बेरजेला ही पद्धत वापरण्याची मुभा ठेवली आहे, आणि बेरीज कोणत्या क्रमाने होईल ते मुद्दाम ठरवलेले नाही, असे तिच्या अधिकृत माहितीतच नोंदवले आहे.